दोन दिवसांचा हंगाम, वीस इंचांचा मासा: समुद्रातल्या हौशी सॅमन मासेमारीचे नियम कसे ठरतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतात. ७ जून २०२५ रोजी ते हाफ मून बेच्या बंदरातून भाड्याच्या बोटीवर सॅमन धरायला गेले. माणशी दोनच मासे, वीस इंचांपेक्षा लहान मासा ठेवायचा नाही, गळाला उलटा काटा असता कामा नये आणि प्रत्येकाने एकच दांडी वापरायची, असे नियम त्यांना सांगण्यात आले. त्यांच्या मुलाच्या गळाला लागलेला एक चांगला मोठा मासा खलाशाने बोटीवर न घेताच सोडून दिला. हंगाम मुळात दोन दिवसांचा होता आणि त्यानंतरच्या उन्हाळी तारखाही रद्द झाल्या. हे सगळे कोण ठरवते, कशावरून ठरवते, आणि त्यापेक्षा प्रत्येक परवानाधारकाला वर्षाकाठी ठरावीक मासे देऊन तारखांची कटकट का संपवत नाहीत, असे त्यांनी विचारले आहे.

या किनाऱ्यावर बंदरात उतरलेले मासे मोजण्यापासून ते हंगामाच्या आकडेमोडीपर्यंतची कामे मी बरीच वर्षे केली आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. प्रश्नाचा शेवटचा भाग सोपा वाटतो, पण सगळी गुंतागुंत तिथेच आहे.

आधी माशाबद्दल. मुंबईच्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात म्हणून गैरसमज होतो. रावस हा वेगळ्याच कुळातला समुद्री मासा आहे. आपण धरलेला चिनूक सॅमन नदीच्या वाळूगोट्यांत जन्मतो, लहानपणीच समुद्रात उतरतो, बहुधा तीन किंवा चार वर्षांचा झाला की आपल्याच नदीत परत चढतो, अंडी घालतो आणि मरतो. कोकणात पहिल्या पावसात ओहोळांतून वर येणारे चढणीचे मासे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही धडपड ओळखीची वाटेल. फरक एवढाच की चिनूकची चढण आयुष्यात एकदाच होते. म्हणून या माशाच्या बाबतीत समुद्रात किती मासे आहेत हा मूळ प्रश्न नसतो. सगळी मासेमारी संपल्यावर किती मासे नदीत पोहोचतात, हा असतो. समुद्रात धरलेला प्रत्येक मासा म्हणजे त्या संख्येतून आगाऊ केलेली वजाबाकी.

ही वजाबाकी कोणत्या नदीच्या खात्यातून होते, हे मात्र मासा हातात घेऊन कळत नाही, आणि नियमांचा जवळजवळ सगळा खटाटोप या एका अडचणीतून निघाला आहे. हाफ मून बेसमोरच्या पाण्यात सॅक्रामेंटो नदीचे शरद ऋतूत चढणारे मासे सर्वांत जास्त असतात, पण त्यांच्याच सोबत क्लॅमथ नदीचे मासे असतात आणि सॅक्रामेंटोच्याच हिवाळी चढणीचेही असतात. दिसायला तिघे सारखेच. एका नदीच्या एका चढणीचे मासे म्हणजे एक साठा. यांपैकी पहिल्या साठ्यासाठी दरवर्षी १,२२,००० ते १,८०,००० प्रौढ मासे नदीत पोहोचावेत असे उद्दिष्ट आहे. क्लॅमथसाठी नैसर्गिक जागी अंडी घालणाऱ्या ४०,७०० प्रौढ माशांचे उद्दिष्ट आहे. हिवाळी चढणीचा साठा तर १९९४ पासून केंद्रीय कायद्याखाली 'नष्ट होण्याच्या धोक्यात' या वर्गात आहे, कारण तो ज्या थंड, डोंगराळ पाण्यात अंडी घालत असे, ते पाणी १९४०च्या दशकात बांधलेल्या शास्ता धरणाच्या पलीकडे राहिले. हे तिन्ही साठे एकाच पाण्यात चरतात, म्हणून नियम सर्वांत दुबळ्या साठ्याला झेपेल एवढाच सैल ठेवता येतो. तगडा साठा कितीही भरभराटीत असला तरी त्याचा पूर्ण उपभोग समुद्रात घेता येत नाही.

आपल्याला जाचक वाटलेले दोन नियम याच संदर्भात पाहावेत. हाफ मून बे ज्यात येते त्या पॉइंट अरीना ते पिजन पॉइंट या पट्ट्यात हौशी हंगाम एप्रिलच्या पहिल्या शनिवारच्या आधी सुरू करता येत नाही आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारनंतर चालू ठेवता येत नाही. हिवाळी चढणीचे मासे हिवाळ्यात नदीकडे वळतात. त्या सुमारास परतीला निघालेले प्रौढ मासे बंदरांसमोरून जात असताना गळ पाण्यात नसावेत, हा त्या तारखांचा हेतू आहे. वीस इंचांची मर्यादाही बरीचशी त्यांच्यासाठीच आहे, कारण उन्हाळ्यात समुद्रात असलेले हिवाळी चढणीचे मासे शरदातल्या भावंडांच्या मानाने लहान असतात. म्हणजे डोळ्यांना जो भेद दिसत नाही, तो तारीख, नकाशावरची रेघ आणि मोजपट्टी यांच्या आधाराने करायचा प्रयत्न आहे. तो ढोबळ आहे हे मान्य, पण पाण्यावर उभ्या असलेल्या माणसाला वापरता येईल असे दुसरे साधन अजून तरी नाही. याशिवाय पॉइंट अरीनाच्या दक्षिणेला हिवाळी चढणीच्या तीन वर्षे वयाच्या माशांपैकी मासेमारीमुळे किती टक्के मरू शकतात याची वरची मर्यादा त्या वर्षीच्या अंदाजावर ठरते आणि ती २० टक्क्यांच्या पुढे कधीच जात नाही.

आता हे ठरवते कोण. १९७६च्या संघीय मत्स्यकायद्याने देशात आठ प्रादेशिक परिषदा नेमल्या. वॉशिंग्टन, ऑरेगन आणि कॅलिफोर्निया या तीन राज्यांपुढच्या समुद्रासाठी पॅसिफिक फिशरी मॅनेजमेंट काउन्सिल आहे. तिच्यावर मताधिकार असलेले १४ सदस्य असतात आणि त्यांत राज्यांचे मत्स्यविभाग, मूलनिवासी जमातींचा प्रतिनिधी, केंद्रीय मत्स्यसेवा आणि नेमलेले नागरिक सदस्य येतात. किनाऱ्यापासून ३ ते २०० सागरी मैलांपर्यंतचे पाणी केंद्राच्या अखत्यारीत येते, तर पहिले तीन मैल राज्याचे असतात. राज्ये सहसा काउन्सिलला जुळणारेच नियम करतात, नाहीतर एकाच बोटीला एका तासात दोन कायदे पाळावे लागतील.

वर्षाचे चक्र ठरलेले आहे. फेब्रुवारीत मागच्या वर्षाचा हिशेब येतो, त्यापाठोपाठ प्रत्येक साठ्याचा अंदाज येतो, मार्चच्या बैठकीत हंगामाचे तीन पर्याय मांडले जातात, महिनाअखेरीस किनाऱ्यावरच्या गावांत जाहीर सुनावण्या होतात आणि एप्रिलच्या बैठकीत एक आराखडा पक्का होतो. केंद्रीय मत्स्यसेवेने मान्यता दिल्यावर तो साधारण मेच्या मध्यापासून लागू होतो. बरेच लोक एप्रिलच्या बैठकीत येऊन पोटतिडकीने बोलतात. मला त्यांचा आदर आहे, पण तोपर्यंत तिन्ही पर्यायांच्या चौकटीबाहेर जायला फारशी जागा उरलेली नसते. म्हणणे मांडायचे असेल तर ते मार्चमध्ये मांडावे, आणि 'हंगाम वाढवा' एवढेच न म्हणता कोणत्या पट्ट्यातले कोणते दिवस देऊन कोणते घ्यावेत हे सांगावे. आकडेमोड करणाऱ्या माणसांना अशी सूचना त्याच रात्री तपासून पाहता येते. मी स्वतः तसे केलेले आहे.

अंदाजाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक राग त्यावर असतो. समुद्रातले मासे कुणी मोजत नाही. शरदात नदीत परतणाऱ्या माशांमध्ये काही दोन वर्षांचे, अकाली प्रौढ झालेले नर असतात. त्यांना 'जॅक' म्हणतात. एखाद्या वर्षी जॅक किती परतले यावरून त्यांच्याच पिढीचे किती मासे अजून समुद्रात आहेत आणि पुढच्या वर्षी तीन वर्षांचे होऊन परततील, याचा अदमास बांधला जातो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तशातलाच हा प्रकार, फक्त शिते मूठभर असतात आणि हंडी समुद्राएवढी असते. २०२२ मध्ये सॅक्रामेंटोच्या शरद साठ्याचा अंदाज सुमारे ४ लाखांचा होता आणि ठरवलेला हंगाम पार पडल्यावर जवळपास २ लाख प्रौढ मासे नदीत पोहोचतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पोहोचले सुमारे ६२,०००. पुढच्या वर्षीचा अंदाज १,७०,००० च्या जरा खाली होता. हा आकडा १,२२,००० पेक्षा मोठा आहे, मग हंगाम का दिला नाही, असे तेव्हा अनेकांनी विचारले. पण तो अंदाज मासेमारीपूर्वीच्या संख्येचा होता आणि लागोपाठच्या वर्षांत अंदाज वरच्या बाजूला चुकत आला होता. अशा वेळी कागदावरची शिल्लक खर्चायला काढणे म्हणजे न वठलेल्या चेकवर उधारी करण्यासारखे झाले असते. म्हणून २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी कॅलिफोर्नियाची समुद्रातली सॅमन मासेमारी, धंदेवाईक आणि हौशी दोन्ही, पूर्ण बंद राहिली. त्याआधी असा प्रसंग २००८ मध्ये आला होता. २००९ मध्येही उत्तरेकडच्या काही दिवसांचा अपवाद सोडला तर सर्व बंदच होते. त्या वेळी २००५ आणि २००६ च्या वसंतात समुद्राने दगा दिला होता: थंड, सकस पाणी वेळेवर वर आले नाही आणि नदीतून नुकतीच उतरलेली पिले उपाशी राहिली. अलीकडच्या पडझडीत दुष्काळ आणि नद्यांचे तापलेले पाणी यांचा वाटा मोठा आहे. धरणांच्या पाणीवाटपाचे निर्णय काउन्सिलच्या हातात नाहीत, गळांचे आहेत. हा मच्छीमारांचा जुना आक्षेप आहे आणि तो खोटा नाही.

आता २०२५ कडे येऊ. त्या वर्षी धंदेवाईक मासेमारी सलग तिसऱ्या वर्षी बंद ठेवण्यात आली आणि हौशी मासेमारीला उन्हाळ्यासाठी ७,००० माशांचा आणि शरदासाठी ७,५०० माशांचा कोटा देण्यात आला. उन्हाळ्याची पहिली खिडकी म्हणजे ७ आणि ८ जून. हौशी मासेमारीचे वैशिष्ट्य असे की तिच्यात किती माणसे उतरणार यावर नियंत्रण नाही. धंदेवाईक बोटींची संख्या मर्यादित असते, प्रत्येक विक्रीची पावती असते आणि बोटीगणिक आठवड्याला किती मासे हे ठरवून देता येते. हौशी परवाना मात्र कुणालाही मिळतो. दोन वर्षे गळ कोरडे राहिले होते, शनिवार-रविवार होता आणि बातमी महिनाभर आधी फुटलेली होती. त्या दोन दिवसांत दहा हजारांहून अधिक लोक समुद्रात गेले आणि ९,०००हून अधिक मासे धरले गेल्याचा अंदाज निघाला. कोटा पहिल्याच खिडकीत ओलांडला गेला, म्हणून उन्हाळ्याच्या पुढच्या तारखा रद्द झाल्या.

या आकड्यांत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. माणशी मर्यादा दोन माशांची होती, पण सरासरी माणशी एकसुद्धा मासा पडला नाही. तेव्हा मर्यादा दोनवरून एकवर आणली असती तर पकड निम्मी झाली असती असे मुळीच नाही. ज्यांना दुसरा मासा मिळाला, त्यांचाच तेवढा कमी झाला असता. हौशी मासेमारीत पकड ठरवणारे खरे घटक म्हणजे किती दिवस, कोणत्या महिन्यात, कोणत्या पट्ट्यात आणि किती माणसे. माणशी मर्यादा दुय्यम असते. सामान्य माणसाला नेमके उलट वाटते, कारण त्याच्या हाती येते ती मर्यादाच.

यातून आपल्या सूचनेचे उत्तर निघते. वर्षाला माणशी ठरावीक मासे ही पद्धत न्याय्य दिसते, पण परवान्यांची संख्या मोकळी असेपर्यंत तिने एकूण पकडीवर झाकण बसत नाही. एकूण पकड बांधायची तर मासा ठेवण्याच्या परवानगीच्या एकूण चिठ्ठ्याही मोजक्याच काढाव्या लागतील आणि त्या सोडतीने वाटाव्या लागतील. शिवाय ज्याच्याकडे चिठ्ठी आहे तो ती फेब्रुवारीत वापरणार की ऑगस्टमध्ये, आणि उत्तरेला क्लॅमथच्या तोंडाशी वापरणार की दक्षिणेला माँटेरेला, यावर ती कोणत्या नदीच्या खात्यातून वजा होणार हे अवलंबून राहील. म्हणजे तारखा आणि रेघा पुन्हा आल्याच. माझे स्वतःचे मत असे आहे की साठा अगदी कमी असलेल्या वर्षांत, तारखांच्या जोडीला, मोजक्या चिठ्ठ्यांचा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे, कारण दोन दिवसांच्या झुंबडीत लहान होड्या नको त्या हवामानात बाहेर काढल्या जातात. पण त्यात भाड्याच्या बोटींचे नुकसान आहे: सोडतीत कोण निघणार हे आधी माहीत नसल्यावर ते गिऱ्हाइकांच्या जागा आरक्षित कशा करणार, याला माझ्याकडे चांगले उत्तर नाही. वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर नीया बे, ला पुश, वेस्टपोर्ट आणि कोलंबिया नदीचे मुख अशा बंदरांगणिक वेगळे कोटे असतात आणि हंगामातच फोनवरच्या बैठका घेऊन दिवस किंवा माणशी मर्यादा बदलली जाते. तो मार्ग अधिक लवचिक आहे, पण त्यासाठी बंदरावर मोजणारी माणसे भरपूर लागतात.

मोजणीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिले वाढवण्याच्या केंद्रात, वाढवलेल्या पिलांपैकी काहींच्या नाकाडात सव्वा मिलिमीटरहूनही छोटा, सांकेतिक क्रमांक कोरलेला तारेचा तुकडा घातलेला असतो आणि बाहेरून ओळख पटावी म्हणून शेपटीजवळचा, पाठीवरचा छोटा मांसल पर कापलेला असतो. सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या शरद चढणीच्या हॅचरी-पिलांपैकी २५ टक्क्यांना २००७ पासून नियमाने अशी खूण केली जाते. हिवाळी चढणीच्या हॅचरी-पिलांना तर सगळ्यांनाच. बंदरावर उतरलेल्या माशांपैकी साधारण पाचवा हिस्सा तपासायचा असे धोरण असते, आणि पर कापलेला मासा दिसला की मोजणी करणारी व्यक्ती त्याचे डोके मागते. मागितल्यावर ते द्यावेच लागते. डोक्याच्या कालवणाचे आपल्या लोकांना किती अप्रूप आहे हे मला ठाऊक आहे, आणि धक्क्यावर यावरून झालेली घासाघीस मी मराठीतही ऐकली आहे. पण हाफ मून बेसमोर क्लॅमथचे किती मासे धरले गेले आणि हिवाळी चढणीचे किती, हे कळण्याचा मुख्य रस्ता त्या डोक्यातूनच जातो. ज्या पट्ट्यातून डोकी कमी येतात तिथला अंदाज ढिला राहतो, आणि ढिल्या अंदाजावर कुणी उदार हंगाम देत नाही.

गळाचा नियमही याच हिशेबात बसतो. सोडलेला प्रत्येक मासा जगत नाही. इंजिन चालू ठेवून आमिष ओढत नेण्याच्या पद्धतीत हौशी लोकांनी सोडलेल्यांपैकी १४ टक्के मासे मरतात असे हिशेबात धरले जाते. बोट वाहती सोडून, अँचोवी मासा आमिष म्हणून खोल टाकून धरण्याच्या 'मूचिंग' पद्धतीत मासा आमिष गिळतो, गळ घशात किंवा कल्ल्यांत रुतू शकतो आणि हे प्रमाण ४२ टक्के धरतात. म्हणून मूचिंगसाठी जबड्याच्या कोपऱ्यात अडकणारा गोलाकार गळ सक्तीचा आहे आणि सर्वच पद्धतींत उलटा काटा मनाई आहे. याखेरीज गळाला लागून स्वतःच सुटलेल्या आणि नंतर मेलेल्या माशांसाठी आणखी ५ टक्के धरले जातात. यामुळेच 'वीसऐवजी चोवीस इंच करा, म्हणजे लहान मासे वाचतील' ही सूचना वाटते तितकी निरुपद्रवी नसते. मर्यादा वाढवली की दोन मासे मिळेपर्यंत माणूस अधिक वेळ बसतो, अधिक मासे सोडतो, आणि त्यांतले काही खोल पाण्यात मरतात. हे मेलेले मासे कुणाच्या टोपलीत दिसत नाहीत, पण काउन्सिलच्या ताळेबंदात दिसतात.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तसा सरसकट एकच नियम इथे का नाही, असेही मला विचारले गेले आहे. पावसाळ्यातली बंदी अनेक जातींच्या प्रजननकाळासाठी आणि खवळलेल्या समुद्रातल्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी आहे. तिथे एकेका खाडीच्या माशांचे वेगळे खाते ठेवलेले नाही. इथे खाती नदीवार आहेत आणि त्यांतल्या काहींवर कायद्याने इतरांचाही हक्क आहे. क्लॅमथच्या पकडीयोग्य माशांचा अर्धा हिस्सा युरोक आणि हूपा व्हॅली या जमातींचा आहे, हे १९९३ पासून मान्य झालेले तत्त्व आहे. वॉशिंग्टनमध्ये करारबद्ध जमातींचा अर्धा हिस्सा १९७४ च्या बोल्ट निकालाने पक्का झाला. समुद्रातल्या हौशी माणसाला उरलेल्या अर्ध्यातला वाटा मिळतो, आणि तोही धंदेवाईक बोटी आणि नदीवरचे गळवाले यांच्यासोबत वाटून. क्लॅमथवरची चार धरणे २०२४ मध्ये पाडून झाली म्हणून आता लगेच हंगाम मोठा होईल अशी अपेक्षा मात्र करू नये. मोकळ्या झालेल्या पाण्यात जन्मलेली पहिली पिढी मोठी होऊन परतायलाच तीन-चार वर्षे लागतात.

राहिला मुलाच्या गळाचा मोठा मासा. तो बहुधा कोहो सॅमन असावा. कॅलिफोर्नियाच्या समुद्रात कोहो ठेवायला पूर्ण मनाई आहे, कारण इथले कोहोचे साठे केंद्रीय संरक्षणाखाली आहेत. ऑरेगन आणि वॉशिंग्टनमध्ये पर कापलेला, म्हणजे हॅचरीतला कोहो काही हंगामांत ठेवता येतो; इथे तोही नाही. ओळखायचा तर मासा पाण्यातच ठेवून त्याचे तोंड पाहावे: खालच्या जबड्यात दातांच्या मुळाशी हिरड्या काळ्या असतील तर चिनूक, पांढुरक्या असतील तर कोहो. सरावलेल्या खलाशाला हे दोन सेकंदांत दिसते, आणि बोटीवर न घेता सोडण्याचे कारण असे की फळीवर आपटलेल्या, खवले निघालेल्या माशाची जगण्याची शक्यता लगेच घटते. पुढच्या वेळी मुलाला आधीच चिनूकच्या काळ्या हिरड्या दाखवून ठेवाव्यात. मग मासा कडेला आला की तो स्वतःच सांगेल, ठेवायचा की सोडायचा.